मध्यंतरानंतरचा आवाज

लग्नाला माणसं कमी पडत होती.

म्हणजे पडद्यावरच्या लग्नाला. तिथे झुंबरांखाली शंभरेक पाहुणे हातात पेले घेऊन परक्या भाषेत किलबिलत होते, आणि त्यांच्या तोंडी आपली भाषा घालायला घरच्या स्टुडिओत उरली होती इनमीन पाच माणसं. त्यातला धाकटा काचेपलीकडे यंत्रापाशी, म्हणजे चारच. ती चार माणसं माईकभोवती घोळका करून "अय्या, किती दिवसांनी!", "मुलगी गोड आहे हो" असलं काहीबाही पुटपुटत होती, आणि दर खेपेला आक्काचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जात होता.

"आक्का, तू गर्दी आहेस," स्पीकरमधून धाकटा म्हणाला. "एकटीच ऐकू येतेयस."

"मग? जन्मभर नायकांच्या आया केल्यात मी. गर्दीत मिसळायची सवय नाही मला."

"आत्या, या बायका लग्नाला आल्यात, भांडायला नाही," छकुली म्हणाली. छकुली म्हणजे धाकट्याची मुलगी. वय तिशीपार, डोळ्यांवर जाड चष्मा, या सिनेमाचे सगळे संवाद तिनेच आपल्या भाषेत उतरवलेले. तरी घराच्या लेखी ती छकुलीच.

धाकट्याचा थोरला भाऊ हिरो मात्र कागदावरचं तेवढंच पुटपुटत होता. एरवी गर्दीत पुटपुटायचं म्हटलं की तो हटकून काहीतरी चावट बोलायचा आणि धाकट्याला ते पुसत बसावं लागायचं. आज त्याचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या वहिनीच्या पाठीकडे बघत तो मनात एकच गोष्ट घोळवत होता, आणि ती दर वेळी घशाशी येऊन शहाण्यासारखी परत जात होती.

हिरो हे काही त्याचं नाव नव्हे, ती घराने केलेली थट्टा. परभाषेतला एखादा उंचापुरा, देखणा नायक आपल्या भाषेत बोलायला तोंड उघडायचा तेव्हा आत हा असायचा: टक्कल, पोट आणि गुडघेदुखी. त्या आवाजावर जीव टाकणाऱ्या बायका स्टुडिओच्या दारात यायच्या आणि त्यालाच विचारायच्या, "साहेब आहेत का आत?" तोही मान वाकवून म्हणायचा, "आत्ताच गेले." हे खोटंही नसायचं. आवाज सोडला तर त्याच्यात नायकाचं असं काही नव्हतंच, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठाऊक व्हायला त्याला वेळ मात्र फार लागला, आणि सगळं रामायण घडलं ते त्यामुळेच. वहिनी तेव्हा कुणाचीच वहिनी नव्हती. ती नायिकांचा आवाज, हा नायकांचा. एका माईकपुढे उभं राहून दिवसभर एकमेकांवर प्रेम करायचं म्हटलं की थोडंफार सांडतंच. दोघांचं लग्न ठरलं, महिन्यावर आलं. आणि एका दुपारी, एका सिनेमाच्या ऐन मध्यंतराशी पोचले असताना, "पाच मिनिटांत आलो" असं तिला सांगून हिरो जेवायच्या सुट्टीत बाहेर पडला, तो चार वर्षांनी आला. दूरच्या शहरातल्या एका निर्मात्याने त्याच्या कानात भरवलं होतं, आवाज कसले विकत बसलास, पडद्यावर ये! तिथे त्याचा चेहरा कॅमेऱ्यापुढे उभा केला, चार जाणत्या माणसांनी तो बघितला, आणि त्याला एका कार्टूनमधल्या अस्वलाचं काम दिलं. आवाजाचं.

इकडे अर्धा सिनेमा नायकावाचून लटकला. शेवटी यंत्र सुरू करून धाकटाच धावत माईकपुढे जाऊन उभा राहू लागला. धाकट्याला अभिनयाचा गंध नाही. "तुझ्यावाचून मी जगू शकत नाही" हे वाक्य त्याने नळाला पाणी नसल्याची तक्रार करावी तसं म्हटलं. मध्यंतरानंतर नायकाचा आवाज बदलला की थिएटरात लोक खो खो हसायचे. पण त्या उरलेल्या अर्ध्या सिनेमात त्याच्यासमोर ती उभी होती, आणि वर्षभरात ती या घरची सून झाली. हिरो परतला तेव्हा दार तिनेच उघडलं. "या, मोठे भाऊजी," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

तेव्हापासून पंचाईत त्याचीच होती. स्टुडिओत येणारंजाणारं सगळं तिला वहिनी म्हणे. हा पडला थोरला दीर, त्याला तेवढीही सोय नाही. नावाने हाक मारायची छाती नाही. इतकी वर्षं तो तिच्याशी "अगं, ते हे..." अशीच सुरुवात करत आला. लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर "रोज नवी नायिका असते, घरी कुठे जागा" असं म्हणून स्वतःच आधी हसायचा.

आणि आता हा शेवटचा सिनेमा. धाकटा आणि वहिनी मुलाकडे राहायला चालले होते, दुसऱ्या शहरात, कायमचे. स्टुडिओ बंद. सिनेमाही असा आलेला की नशिबाने मुद्दाम खिजवावं: मुलीला ऐन वेळी टाकून पळालेला माणूस म्हातारा होऊन तिच्या शिवणाच्या दुकानात येतो आणि माफी मागतो. हिरोने ठरवून टाकलं होतं. सिनेमातल्या म्हाताऱ्याला जे जमतं ते आपल्याला का जमू नये? ती जायच्या आत एकदा तिला तोंडावर सांगायचं, मी चुकलो. आता नाही तर मग कधीच नाही.

चहाच्या सुट्टीत आक्काने त्याला ओट्यापाशी गाठलं.

"काय शिजतंय रे तुझ्या डोक्यात?"

"कुठे काय?"

"शेवटचा प्रसंग दोघांनी एकत्र बोलायचा, असं तू धाकट्याला सांगितलंस म्हणे. हल्ली करतं का कुणी तसं? ज्याचा तो येतो, आपलं आपलं बोलतो आणि जातो."

"जुनी पद्धत आहे आपली. शेवटचाच सिनेमा, म्हटलं..."

"मला नको शिकवूस. मोठी बहीण आहे मी तुझी. खोटं बोलायच्या आधी तू असाच घसा खाकरतोस." आक्काने कप दाणकन ठेवला. "हे बघ, तिला सुखाने जाऊ दे. इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास, आणखी आठवडाभर धर. माफी मागून तुझं मन हलकं होईल. तिने काय करायचं त्या माफीचं? बरोबर न्यायची?"

हिरोने आपला कप विसळायला घेतला. नायकांजवळ अशा वेळी उत्तर असायचं, पण ते त्यांना कुणीतरी लिहून द्यायचं.

ते लिहून देणारी त्याच वेळी बिस्किटं शोधत आत आली. "आत्या, बोलू दे ना काकांना."

"तू लहान आहेस."

"तिशी उलटली माझी! हे बघ, मी आईला विचारलं ना, की ती म्हणते 'जुनं झालं ते' आणि लगेच भांडी आवरायला घेते. जुनं झालेलं असतं तर इतकी आपटली नसती."

"म्हणजे तू याच्या बाजूची."

"मी सिनेमाच्या बाजूची," छकुली म्हणाली. "शेवटचा प्रसंग पडला तर माझं सगळं काम पाण्यात जाईल."

"सिनेमाचं म्हणत असशील तर ठीक," आक्का जरा नरमली. तिच्या लेखी घरातला खरा गुन्हा तोच होता. लग्न मोडलंस ते मोडलंस, पण सिनेमा अर्धा टाकलास? हे ती अजूनही वर्षातून एकदा तरी त्याला ऐकवायची.

"चला," धाकट्याने दारातून डोकं घातलं. त्याने काय ऐकलं, किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. धाकट्याच्या चेहऱ्यावरून काही कळलंय असं घरात कधी झालंच नव्हतं.

आत दोघं आपापल्या माईकपुढे उभे राहिले. मध्ये कागद ठेवायचा स्टँड, कानांना हेडफोन, समोर पडदा. काचेपलीकडे धाकटा, त्याच्या एका बाजूला आक्का आणि दुसऱ्या बाजूला छकुली. वहिनीने चष्मा पुसला, कागदाचं पान सरळ केलं. केस पांढरे झाले होते, पण माईकपुढे उभं राहायची तऱ्हा तीच, एक खांदा किंचित पुढे. हिरोने पोट आत ओढलं. या वयात ते कितीसं आत गेलं देव जाणे.

लाल दिवा लागला. पडद्यावर म्हातारा दुकानाची पायरी चढला. शिलाईयंत्रावरून म्हातारीने मान वर केली.

"कोण पाहिजे?" वहिनी म्हणाली. ओठांना ओठ चपखल.

"ओळखलं नाहीस?" हिरो म्हणाला. तेही बसलं.

यापुढे म्हाताऱ्याचं मोठं वाक्य होतं. हिरोने कागद पालथा घातला. पडद्यावर म्हातारा ओठ हलवत राहिला आणि इकडे हिरोने ती दाट, मखमली, सबंध राज्याला पाठ असलेली पट्टी लावली.

"मी तुझा गुन्हेगार आहे. या हातांनी मी माझंच घर पेटवलं, आणि राखेत उभा राहून तुझं नाव घेत राहिलो."

वहिनीने कागदावर बोट फिरवलं. "हे पानावर नाहीये."

"नाही. हे माझं आहे. तुझ्यासाठी." त्याचा गळा अगदी योग्य जागी दाटला. "एकेक रात्र माझ्यासमोर हिशेब मागायला उभी राहते, आणि मी..."

"थांबा, मोठे भाऊजी." वहिनीने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "हे पहिलं त्या घोडेवाल्याचं आहे."

"कुणाचं?"

"तो नाही का, ज्याचा तबेला जळतो. राखेत उभा राहून म्हणतो. समोर शिक्षिका होती, ती मीच होते. आणि हे रात्रीचं, हे तुरुंगातल्या डॉक्टरचं."

"तुरुंगातल्या नव्हे!" स्पीकरमधून आक्का कडाडली. "जहाजावरच्या! त्याची आई मी होते!"

"आत्या, बटण सोड," छकुलीचा आवाज.

हिरो तोंड उघडं टाकून उभा राहिला. महिनाभर न्हाणीघरात आरशासमोर त्याने ती माफी घोटली होती. आपल्या काळजातून आली म्हणून स्वतःच दोनदा रडला होता. आणि आता मागे वळून बघतो तर खरंच की! घोडेवाला होता, डॉक्टर होता, पुढे यायचं होतं ते वाक्यही कुणा फितूर सेनापतीचं होतं. एवढ्या आयुष्याच्या पश्चात्तापात त्याचं स्वतःचं एक अक्षर नव्हतं. त्याला रडू यायचं ते हसू आलं, आणि हसूही निम्म्यात अडकलं.

"हे कसलं रे माफी मागणं!" आक्काने पुन्हा बटण दाबलं होतं. मघाशी माफी नको म्हणणारी तीच. "मागायचीच आहे तर नीट माग! उष्टी काय देतोस तिला?"

वहिनी त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादं वाक्य बसत नसलं की ती जशी बघायची, तशी.

"तुमचं स्वतःचं काही आहे का?" तिने विचारलं. "असलं तर बोला. नसलं तर पान सरळ करा, प्रसंग संपवू."

हिरोने तोंड उघडलं. आवाज आला तो बारीक, चिरका, सर्दी झालेल्या माणसासारखा. इतक्या वर्षांत तो त्याने कुणाला ऐकवला नव्हता, स्वतःलाही नाही.

"मला पडद्यावर दिसायचं होतं," तो म्हणाला. "बाकी काही कारण नव्हतं. कुणी जबरदस्ती केली नाही, नाइलाज नव्हता. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. बरोबरच हसली असतीस. म्हणून सांगितलं नाही. बसमध्ये बसलो तेव्हा मला माहीत होतं, तू इथे उभी आहेस. बस सुटायला वेळ होता. मी उतरू शकत होतो. नाही उतरलो. आणि ते... अस्वलाचं काम करताना मला रोज वाटायचं, बरं झालं, ती बघत नाहीये. तेव्हासुद्धा मी माझाच विचार करत होतो. चुकलो मी. फार वाईट वागलो तुझ्याशी."

पडद्यावरचा म्हातारा केव्हाच बोलून थांबला होता.

वहिनीने हेडफोन काढून स्टँडवर ठेवला.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला अपघात झाला," ती म्हणाली. "ह्यांनी सगळे दवाखाने पालथे घातले. मी इथेच बसून होते, याच खोलीत. देवाला म्हणत होते, हात जाऊ दे, पाय जाऊ दे, माणूस राहू दे. आणि मग तुमचं कार्ड आलं. इकडे मजेत आहे, काळजी नसावी." तिने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "ते वाचलं आणि मला वाटलं, मेला असतास तर बरं झालं असतं. खरंच वाटलं. कितीतरी दिवस वाटत होतं. तू परत आलास, समोर येऊन उभा राहिलास, तरी वाटलं. जिवंत माणसाबद्दल असं मनात आणलं मी, ते अजून खुपतं मला. तुझ्या जाण्यापेक्षा जास्त तेच खुपतं. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही."

सांगितलं नव्हतं ते आता सांगून झालं होतं. लाल दिवा चालू होता, माईक चालू होता, आणि काचेपलीकडे 'हे' बसले होते. दोघांनी एकदमच तिकडे बघितलं. छकुली चष्मा काढून डोळे पुसत होती. आक्का आयुष्यात पहिल्यांदा गर्दीसारखी उभी होती. धाकटा यंत्राकडे बघत होता.

"मग," हिरोने त्याच चिरक्या आवाजात विचारलं, "माफ...?"

"नाही," वहिनी म्हणाली.

तिने ते इतकं साधेपणाने म्हटलं की त्याला आधी कळलंच नाही.

"माफ केलं म्हणायला मला काय लागतं?" ती म्हणाली. "आयुष्यभर तेच केलं. लबाडांना केलं, खुन्यांना केलं, एकदा तर एका भुताला केलं. ओठ जुळले की झालं. तुम्हालाही आत्ता म्हणू शकते, तुम्ही रडाल, आक्का रडतील. पण खरं नसेल ते. तुम्ही आज पहिल्यांदा खरं बोललात, मग मी खोटं कशाला बोलू? ऐकलं मी. ते जपून नेईन. एवढंच आहे माझ्याजवळ."

हिरोने मान डोलावली. नायक असता तर तो इथे गुडघ्यांवर बसला असता. याचे गुडघे बसण्यातले नव्हते. शिवाय बसला असता तर उठवायला तिलाच यावं लागलं असतं.

स्पीकर खरखरला. "हे सगळं रेकॉर्ड झालंय," धाकटा म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, सपाट. "काय करू?"

"पुसा," वहिनी म्हणाली.

"पुसतो." बटणाचा आवाज आला. "मला तेव्हाच सांगितलं असतंस तरी चाललं असतं गं," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटायचं. दवाखान्यांतून हिंडलो ना मी."

वहिनीने काचेकडे बघून मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हिरोसाठी नव्हतं, हे हिरोलाही कळलं.

"चला, पहिल्यापासून," धाकटा म्हणाला. "दादा, पान सरळ कर."

दादाने पान सरळ केलं. मोठं वाक्य मखमली पट्टीत, ओठांना ओठ लावून, एका दमात म्हटलं. छकुलीने चांगलं लिहिलं होतं. पडद्यावर म्हातारीने हातातलं कापड बाजूला ठेवलं, उठून म्हाताऱ्याजवळ आली. इथे फक्त वहिनीचं काम होतं.

"माफ केलं रे," ती म्हणाली. "केव्हाच केलं. उन्हात का उभा आहेस? आत ये."

काय म्हणाली! आवाजात चाळीस वर्षांची शिवण उसवली आणि तिने ती हलक्या हाताने पुन्हा घातली. काचेपलीकडे आक्काने हुंदका दिला. तिला बटणाचं भान राहिलं नव्हतं, तो नेमका टेकमध्ये आला.

"आक्का!" धाकटा ओरडला. "पुन्हा."

"माफ केलं रे. केव्हाच केलं..."

या खेपेला वरून विमान गेलं. पुन्हा. तिसऱ्यांदा ती तेच, तितक्याच मायेने म्हणाली, आणि हिरो हातभर अंतरावर उभा राहून ऐकत होता. त्या दुपारी त्याला तीन वेळा माफी मिळाली, तिन्ही वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी नावाची. आधी त्याचे खांदे हलले. मग त्याने हाताने तोंड दाबलं, कारण धंद्याची सवय, दुसऱ्याचा टेक बिघडवायचा नसतो. दाबून राहीना. शेवटी रडू तसंच, बेढब, चिरक्या आवाजात बाहेर पडलं, आणि तो काचेकडे बघून हाताने खुणा करू लागला: माफ करा, माझ्यामुळे गेला टेक, पुन्हा घेऊ.

"घेतला टेक," स्पीकरमधून धाकटा म्हणाला. "तुझा माईक मी मघाशीच बंद केलाय, दादा. होऊ दे सावकाश."